मारुतीपर्यंत

द्वारकाबाई शहागंजाच्या बाजारात गेल्या होत्या सासऱ्यांच्या फोटोची फुटलेली काच बदलायला, आणि परत आल्या त्या स्वतःच्या आईला पिशवीत घालून. आठवड्यावर सासऱ्यांची तिथी आलेली, म्हणून हातगाड्या आणि रिक्षा चुकवत त्या फ्रेमवाल्या चाचांच्या दुकानात घाईनंच शिरल्या. काउंटरवर एक मोठा काळा-पांढरा फोटो पसरलेला होता आणि चाचा त्यावर पट्टी ठेवून माप घेत होते. पट्टीच्या पलीकडून एक बाई चालत येत होती. द्वारकाबाईंनी आधी तिची चाल ओळखली. फोटोत चाल कशी दिसते, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. पण बांधावरून, बाजाराच्या वाटेनं, आजारी माणसाच्या खाटेपासून पाण्याच्या माठापर्यंत, सगळीकडे अंमळ पुढं झुकून, समोरून वारा असल्यासारखी चालणारी बाई त्यांनी जन्मात एकच पाहिली होती. मग त्यांनी चेहरा पाहिला. आईच होती, विशीतली आई. आणि तिच्याकडे बघणारी तिची मुलगी अठ्ठेचाळीस वर्षांची, चष्मा लावलेली, गुडघ्याला तेल चोळणारी. हिला आता 'अगं पोरी' म्हणायचं की 'आई', असा एक वेडगळ विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी काउंटरची कड धरली.

फोटो आईचा नव्हता, हेही मग दिसलं. काढणाऱ्यानं नेम धरला होता तो त्यांच्या माहेरच्या हिवरखेडीच्या वेशीवर, कमानीवर चढवलेल्या तिरंग्यावर. वेस बरोबर मधोमध, तिच्यावर झेंडा, आणि वेशीतून आत येणारा रस्ता थेट बघणाऱ्याच्या पायाशी येतोय. दोन्ही अंगाला काळ्या दगडी भिंतींच्या नुसत्या पट्ट्या, कडेनं कापलेल्या. उजव्या भिंतीशी, कॅमेऱ्याकडं तोंड करून, ही. पाय उघडे. एका हातात चपला, दुसरा हात कपाळाकडं गेलेला. चाचांनी सांगितलं की हे गढीवरच्या साहेबांचं काम आहे, गावात मुक्तिदिनाचा पन्नासावा सोहळा आहे, सत्रा सप्टेंबरला तिथं लावायचंय, खाली हे पण चिकटवायचंय. 'हे' म्हणजे टाइप केलेली एक चिठ्ठी होती: गढीला मानाचा रामराम करणारी रयत, हिवरखेडी, १९४८. द्वारकाबाईंनी ती वाचली, आणि हे माझं गाव, एवढंच त्या म्हणाल्या. चाचांनी त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला. स्टुडिओवाल्यानं नापास केलेली एक छोटी, काळपट प्रत खणातून काढून त्यांच्यापुढं सरकवली. "ले जाओ बाई. अपने गाँव का है तो घर में रहना." सासऱ्यांची काच द्वारकाबाई तिथंच विसरल्या.

चपलांची गोष्ट द्वारकाबाईंच्या माहेरी पन्नास वर्षं चालत आलेली. गावच्या मालकांच्या दगडी गढीपुढून जाताना बाप्या असो की बाई, पायातलं हातात घ्यायचं, हा हिवरखेडीचा रिवाज. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण पायांना पाठ होता. पावसाळ्यात चिखल असो की चैत्रात फुफाटा, गढीची भिंत सुरू झाली की वाकायचं, भिंत संपली की पुन्हा घालायच्या. मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य चार दिवसांत गेलं, पण रिवाज असे चार दिवसांत जात नाहीत. ते ज्याचे त्याला घालवावे लागतात. आणि साळूबाईचं, म्हणजे द्वारकाबाईंच्या आईचं, म्हणणं असं की हिवरखेडीतला तो तिनं घालवला. लासूर स्टेशनच्या बाजारातून तिनं जन्मातल्या पहिल्या चपला आणल्या, वेशीतून आत आली, गढी आली, ओट्यावर चार माणसं बसलेली, आणि ही घालून तशीच पुढं गेली. चपला काढल्या त्या मारुतीपुढं. 'द्येवापुढं काढल्या, गढीपुढं नाय.' हे वाक्य द्वारकाबाईंनी जात्यावर ऐकलं, कापूस वेचताना ऐकलं, बाळंतपणात ऐकलं. घरात त्याची थट्टाच जास्त. कुणाचं लग्न निघालं, कुणाची परीक्षा आली, की द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ रामकिसन म्हणायचा, आता आईच्या चपलांची पोथी होऊ द्या, मग पुढचं काम. गावातली जुनी माणसंही हसून सोडून द्यायची. एकदा गढीवरच्याच कुणा म्हाताऱ्यानं तोंडावर ऐकवलं होतं, पायातली वहाण पायातच बरी. त्यावर साळूबाई म्हणाली होती, व्हय की, म्हणूनच तर काढली नाय. पण असल्या उत्तरानं माणसं हसतात. विश्वास ठेवतातच असं नाही.

आणि आता हा फोटो. पाय उघडे, चपला हातात, दुसरा हात कपाळाला. द्वारकाबाईंनी तो सिडकोतल्या आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर पालथा घातला, पुन्हा सुलटा केला, उशाशी ठेवला, स्वयंपाकघरात डाळींच्या डब्याला टेकवून ठेवला. नवरा, बद्रीनाथ, म्हणाला, सासूबाईंची सोय लावली वाटतं घरात, तर त्या त्याच्यावर खेकसल्या. त्यांना आईचं खोटं टोचत होतं असं नव्हे. त्यांना तो रस्ताच टोचत होता. ज्या रस्त्यावर त्या रांगल्या, पडल्या, दात पाडून घेतले, तो रस्ता फोटोत बघितला की गरगरल्यासारखं व्हायचं. झोक्यात उलट्या तोंडानं बसलं की होतं तसं. वेस ओळखीची. कमानीवरचा गणपती ओळखीचा. भिंतींचे काळे दगड ओळखीचे, ते तर दोन्हीकडचे एकाच खाणीतले, गढीचे उरलेले दगड मारुतीच्या आवाराला लावलेले. तरी त्या मनानं वेशीतून आत शिरल्या की तिसऱ्या पावलाला अडखळायच्या. लहानपणी हात आपोआप भिंतीला घासत जायचा, तो हात फोटोत रिकामा राहायचा. त्यांनी डोळे मिटून मारुतीपुढं उभं राहायचा प्रयत्न केला. राहिल्या. वेशीकडं तोंड केलं. गढी पलीकडं, उजव्या हाताला. मारुती इथं, डाव्या हाताला. डोळे उघडून फोटो पाहिला तर आई उजव्या भिंतीशी. म्हणजे गढीच. म्हणजे चिठ्ठी खरी. इथं येऊन दर वेळी त्यांची गाडी थांबायची आणि कपाळाच्या आत काहीतरी दुखत राहायचं.

रविवारी त्या गावी गेल्या. लासूर स्टेशनला एसटी बदलून हिवरखेडी फाट्याला उतरल्या, आणि पिशवीतून फोटो काढून, लोक बघतील याची पर्वा न करता, तो छातीपुढं धरून चालू लागल्या. फोटोतली वेस होती तिथं आता दोन्हीकडून ट्रक जातील एवढा डांबरी रस्ता होता. वेस पाडली तेव्हा गणपती कुणी उचलून नेला ते कुणाला माहीत नव्हतं. गढी बहात्तरच्या दुष्काळातच बसली होती. तिचे दगड कुठं बंधाऱ्यात गेले, कुठं जोत्यात, कुठं गोठ्याच्या दावणीखाली. जिथं चौघे बसायचे तो ओटा होता तिथं खतांचं दुकान, एसटीडी बूथ आणि त्यापुढं एक पानटपरी. मारुतीला पांढऱ्या-गुलाबी फरश्या लागल्या होत्या, वर स्लॅब, स्लॅबवर भोंगा. त्या फोटोतली एकेक गोष्ट शोधत गेल्या आणि एकेक गोष्ट पुसत गेल्या, शेवटी हातात फक्त रस्त्याची रुंदी आणि आभाळ राहिलं. तिथं उभ्या राहून त्यांना रडू यायला हवं होतं. आलं नाही, उलट एक हट्ट वर आला. एवढं सगळं गेलं, मग हा एक कागद कसा राहिला, आणि राहिला तो नेमका आईला खोटं पाडायलाच का?

रामकिसननं फोटो उन्हात धरून पाहिला आणि मांडीवर थाप मारली. बहिणीला तो म्हणाला, आक्का, ही बघ पोथीची शेवटची ओवी. मग जरा नरमाईनं म्हणाला की यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, आपला बाप, दादा, मरेपर्यंत गढीपुढं पायातलं काढत होता, गढी पडली तरी त्या जागेवर काढत होता; ज्या घरातला बाप्या काढतो त्या घरातली सून घालून कशी जाईल? त्यात दुष्टपणा नव्हता. त्याला गढीवरच्या साहेबांनी, हेमचंद्ररावांनी, सोहळ्याच्या समितीत घेतलं होतं, मांडव त्याच्याकडं होता, आईनं झेंड्याखालच्या फोटोत असावं याचा त्याला अभिमानसुद्धा वाटत होता. साळूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, जाड भिंगाचा चष्मा. तिनं हात पदराला पुसले, फोटो नाकाजवळ नेला, लांब नेला. मग ती म्हणाली, "बाई मी हाये. पण रस्ता माझा नाय."

रामकिसन हसला. द्वारकाबाईंना त्या हसण्याचा राग आला नाही इतका पुढच्या गोष्टीचा आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. साळूबाईनं फोटो परत दिला, एक शेंग उचलली, ती न फोडताच खाली ठेवली, आणि आवाज न चढवता म्हणाली, "काढल्या असतील. कागद काय खोटं सांगतो का? माझं वय झालं."

परतीच्या एसटीत द्वारकाबाईंच्या शेजारी कोंबड्यांची पाटी होती आणि पुढच्या बाकावर कुणाचं तरी लग्नाचं बोलणं चाललं होतं, पण त्यांच्या कानात तेवढंच घुमत होतं, काढल्या असतील. आईनं हार मानलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. नवरा गेला, एक पोर गेलं, दुष्काळात खडी फोडली, तेव्हासुद्धा ही बाई पुढं झुकून चालत राहिली, कारण तिच्यापाशी एक दिवस होता. बाकी आयुष्य दुसऱ्यांनी सांगितलं तसं काढलं असेल, पण तो एक दिवस तिचा होता, लासूरच्या बाजारापासून मारुतीपर्यंतचा. तो तिनं आता स्वतःच्या हातानं दुसऱ्याला देऊन टाकला, शेंगा निवडताना खडा बाजूला टाकावा इतक्या सहज. सत्रा सप्टेंबरला तो फोटो चौकात लागणार, त्याखाली चिठ्ठी लागणार, पुढल्या पिढ्या ती वाचणार, आणि साळूबाई स्वतःच मान डोलावणार. द्वारकाबाईंना दादा आठवला, कडूबा, त्यांचा बाप. खतांच्या दुकानापुढं वाकून चपला हातात घेणारा, आणि पोरांनी विचारलं की ओशाळून म्हणणारा, सवय हाये बाबा. त्या बापाच्या दहा पावलं पुढं, चपला फटफटवत जाणारी आई. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मग फोटोतली बाई त्या दोघांतल्या कुणासारखी होती? त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि वाळूजच्या कारखान्यांचे दिवे लागेपर्यंत डोळे मिटून घेतले.

पुढं महिनाभर काही घडलं नाही. म्हणजे त्या शिकवत होत्या ती शाळा भरली, सुटली, तिथी झाली, सासऱ्यांना काच मिळाली. द्वारकाबाईंनी फोटो कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला आणि त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं, आणि असं ठरवल्यावर होतं तेच झालं. नळाला पाणी आलं तरी त्यांना वेस दिसायची. इकडे पंधरा ऑगस्ट जवळ आलेला. पहिलीच्या वर्गाची कवायत तीस वर्षं त्यांच्याकडंच होती, कारण लहान पोरांना डावं-उजवं शिकवण्यात त्यांचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. त्याची युक्ती साधी असते आणि ती प्रत्येक पहिलीच्या बाईला येते: पोरांकडं तोंड करून उभं राहायचं, तोंडानं म्हणायचं उजवा, आणि आपण वर करायचा डावा. समोरचं पोर बघतं तसं करतं, त्याचा बरोबर उजवा वर जातो. तीस वर्षं हे करून करून द्वारकाबाईंना समोरच्या माणसाचा डावा-उजवा दिसणंच बंद झालं होतं. त्या दिवशी मैदानात ऊन चांगलंच चढलेलं. पोरांच्या ओळी वाकड्यातिकड्या. त्या म्हणाल्या, "झेंड्याला सलामी, उजवा हात," आणि सवयीनं त्यांचा स्वतःचा डावा हात कपाळाला गेला.

तो तिथंच राहिला. साठ पोरांचे साठ हात कपाळाला, आणि बाईंचा डावा हात कपाळाला, आणि बाई हलेनात. डाव्या हातानं सलामी. डाव्या हातानं कोण रामराम करतं? गढीला नाही, देवाला नाही, मेलेल्या माणसालाही नाही. आणि उजव्या हातात चपला कोण धरतं? ज्या हातानं जेवायचं, कुंकू लावायचं, घंटा वाजवायची, त्या हातात पायातलं? हिवरखेडीत असली बाई अजून जन्मायची होती. मांडीवरच्या पोरालासुद्धा पहिली चापट मिळते ती त्याच कारणानं. फोटोतल्या बाईच्या उजव्या हातात चपला होत्या. फोटोतल्या बाईचा डावा हात कपाळाला होता. महिनाभर त्या ते बघत होत्या, चाचांनी पाहिलं, रामकिसननं पाहिलं, गढीवरच्या साहेबांनी तर भिंग लावून पाहिलं असेल, आणि सगळ्यांना रामराम दिसला, हात कुणालाच दिसला नाही. बाईंनी हात खाली घेतला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते, आणि पहिल्या ओळीतल्या पोरीनं विचारलं की बाई, ऊन लागलं का. लागलं, म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्या पोरांना घोटघोट पाणी प्यायला पाठवलं आणि स्वतः लिंबाखाली उभ्या राहून मोठ्यानं हसल्या.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. द्वारकाबाईंना लागला. घरी येऊन त्यांनी चपलाही नीट काढल्या नाहीत, एक उंबऱ्यात, एक मोरीशी. कपाट उघडलं, साड्या भसाभस खाली ओढल्या, फोटो घेतला आणि कपाटाच्या आरशापुढं धरला. आणि आरशात त्यांचं गाव उभं राहिलं. हळूहळू नव्हे, एकदम. कानात बसलेलं पाणी निघून जातं आणि सगळं ऐकू येतं तसं. वेस तीच, झेंडा तोच, पण रस्ता आता त्यांच्या अंगाशी आला, त्यांचा हात भिंतीला घासला, तिसऱ्या पावलाला त्या अडखळल्या नाहीत. गढी उजव्या हाताला, पलीकडं, वेशीजवळ, मागं पडलेली. मारुती डाव्या हाताला, अलीकडं. आणि आई डाव्या भिंतीशी, मारुतीच्या आवाराशी, चपला डाव्या हातात, उजवा हात कपाळाला. निगेटिव्ह उलटी घालून फोटो छापला होता, बस्स. एवढंच झालं होतं. वेशीतून आत आली ती गढी ओलांडून आली होती, आणि चपला काढल्या त्या देवापुढं. द्वारकाबाई पलंगावर पसरलेल्या साड्यांवर बसल्या. रस्ता माझा नाय, आई म्हणाली होती. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नाही, जिच्या डोळ्याला जाड भिंग, तिनं एका नजरेत खरं सांगितलं होतं, आणि तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलं होतं.

हेमचंद्रराव स्टेशन रोडच्या बाजूला एका बंगल्यात राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, मवाळ बोलणारे. गढीत त्यांचा जन्म झाला होता एवढंच गढीचं त्यांच्यात उरलेलं. द्वारकाबाई वाटेत रिक्षात भांडणाची पूर्ण तयारी करून आल्या होत्या. कुणाची मुलगी हे कळताच हेमचंद्ररावांनी स्वतः उठून पाणी आणलं, म्हणून तयारीतली पहिली दोन वाक्यं वाया गेली. फोटो त्यांच्या काकांनी काढलेला; काका हैदराबादेत शिकत, कॅमेरा तिथलाच, त्याच्या काचेवरच्या निगेटिव्ह पुढं ट्रंकेत पन्नास वर्षं पडून राहिल्या. द्वारकाबाईंनी त्यांना फक्त उभं राहून गढीला रामराम करायला सांगितलं. ते जरा संकोचले, पण त्यांचा उजवा हात वर गेला. मग द्वारकाबाईंनी फोटो त्यांच्यापुढं धरला. ते बघत राहिले. मग आतून या फोटोची काच घेऊन आले आणि खिडकीच्या उजेडात धरली. काचेच्या कडेला काकांनी शाईनं गावाचं नाव घातलेलं होतं. अक्षरं सुलटी वाचता येतील अशी काच धरली की आई डाव्या भिंतीशी जायची. फोटोत होती तशी उजवीकडं आणली की अक्षरं उलटी व्हायची. हेमचंद्ररावांनी काच दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली, जणू एखाद्या वेळी ती ऐकेल.

ते खुर्चीत बसले. म्हणाले की त्यांच्या घरात वेगळंच सांगत आले, की काकांनी आजोबांना समजावलं आणि आजोबांनी मोठ्या मनानं रिवाज बंद केला. लहानपणापासून त्यांना त्याचा अभिमान होता. द्वारकाबाईंना त्या म्हाताऱ्या माणसाची एकदम दया आली, पण दया आली म्हणून आईचा दिवस त्याला देता येत नव्हता. त्या म्हणाल्या, "तुमच्या आजोबांनी बंद केला असंल, नाय म्हणत नाय. पण आमच्या आईनं त्यांना इचारलं नव्हतं." शहरात तीस वर्षं राहून घासूनपुसून घेतलेली भाषा ऐन वेळी पळून गेली आणि हिवरखेडी तोंडातून बाहेर पडली, त्याची त्यांना लाज वाटली नाही. हेमचंद्रराव हसले, पहिल्यांदाच. फोटो परत छापून घेतो म्हणाले. चिठ्ठीचं काय करायचं, हे त्यांनी द्वारकाबाईंना विचारलं, आणि द्वारकाबाईंनी फळ्यावर लिहायच्या सवयीनं टपोऱ्या अक्षरात त्यांना दोन ओळी लिहून दिल्या.

सत्रा सप्टेंबरला हिवरखेडीत मांडव उभा राहिला, भोंग्यावर गाणी लागली, पुढाऱ्यांची गाडी उशिरा आली. फोटो वेशीच्या जागी, दोन बांबूंना बांधून, झेंडूच्या माळांत उभा केला होता, पुरुषभर उंच, त्यावर पडदा. रामकिसनला द्वारकाबाईंनी आधीच सांगितलं होतं. आईला त्यांनी दोन दिवस आधी आपल्याकडं शहरात नेलं होतं; त्या सकाळी दोघी फाट्याला उतरल्या, तर तो न सांगता बैलगाडी सजवून घेऊन आलेला, आईला बसवून मिरवत नेतो म्हणून. साळूबाई बसली नाही. पायी जाईन म्हणाली. द्वारकाबाईंनी तिला नवी साडी नेसवली होती, चपला मात्र जुन्याच, झिजून एका अंगाला कललेल्या. ती वेशीच्या जागेवरून आत शिरली. बाया दारात आल्या. पानटपरीवरची माणसं बाकावरून उठली. खतांचं दुकान आलं. साळूबाईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही, अंमळ पुढं झुकून तशीच चालत राहिली, आणि डांबरावर तिच्या चपला वाजत राहिल्या. द्वारकाबाईंना वाटलं, ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडलेली घरं, पाडलेली वेस, वाहून गेलेले दगड, सगळं आता उठून उभं राहील आणि वाट देईल. पाच पावलं मागं रामकिसन होता. त्याच्या पायांत नव्या कोऱ्या चपला होत्या, आणि खतांच्या दुकानापुढं येताच त्यानं खाली, आपल्या पायांकडं, एकदा पाहून घेतलं. मग मान वर करून आईच्या मागं चालत राहिला.

मारुतीच्या फरशांपाशी साळूबाई थांबली. वाकली, चपला काढल्या, डाव्या हातात घेतल्या, उजवा हात कपाळाला लावला. मांडवातले सगळे बघत होते. मग ती तशीच अनवाणी मागं फिरली, फोटोपाशी आली, आणि हेमचंद्ररावांनी तिच्या हाताला दोरी दिली. तिनं ती ओढली आणि पडदा बाजूला झाला. द्वारकाबाईंनी लिहिलेल्या दोन ओळी रामकिसननं मोठ्यानं वाचल्या, मध्येच खाकरून पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. टाळ्या झाल्या. कुणीतरी साळूबाईपुढं माइक धरला आणि म्हणालं, आज्जी, बोला दोन शब्द. तिनं माइक हातानं बाजूला केला आणि फोटोकडं बघत राहिली. झेंड्याकडं नाही, वेशीकडं नाही, आपल्या विशीतल्या चेहऱ्याकडंही नाही. ती बघत होती फोटोतल्या त्या पायांकडं. द्वारकाबाई तिला खेटून उभ्या होत्या, म्हणून त्यांनाच ऐकू गेलं.

"नव्या व्हत्या गं. लासूरपासून चावत व्हत्या, टाचा सोलल्या व्हत्या. येशीतच काढून फेकाव्या वाटत व्हतं. पण म्हणलं, मारुती येईस्तोवर नाय."